लिलियन थुराम: उजव्या बगलेवरचा थोर की मधल्या जागेवरचा?

बचावफळी (धागाकर्ता)

फ्रान्सकडून फुटबॉलचे १४२ सामने खेळलेल्या लिलियन थुरामची मैदानावरची खरी जागा कोणती, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. पण त्याची जवळजवळ सगळी कारकीर्द याच प्रश्नाभोवती फिरली असे माझे मत आहे, आणि त्यावर जाणकारांशी सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

थुरामचा जन्म १ जानेवारी १९७२ चा, कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप या फ्रान्सच्या ताब्यातील बेटावरचा. आईने एकटीने पाच मुलांना वाढवले. ती कामासाठी आधी पॅरिसच्या परिसरात गेली आणि १९८१ मध्ये मुलेही तिच्याकडे आली. फोंतेनब्लोजवळच्या आव्हाँ गावातील वस्तीत तो लहानाचा मोठा झाला, पोर्तुगीज स्थलांतरितांनी चालवलेल्या स्थानिक संघात खेळला आणि तिथून मेलँमार्गे १९९० मध्ये मोनाकोला पोहोचला. लहानपणी तो मध्यफळीत खेळत असे. बचावपटू म्हणून तो घडला तो मोनाकोत, प्रशिक्षक आर्सेन वेंगरच्या हाताखाली. युरी जोरकाएफ हा त्याचा तिथलाच सहकारी. हे नाव लक्षात ठेवावे, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

१९९६ मध्ये तो इटलीतील पार्माकडे गेला. इटालियन फुटबॉलमध्ये बचावाकडे स्वतंत्र विद्या म्हणून पाहिले जाते आणि तिथे थुराम मधल्या जागेवरचा बचावपटू म्हणून ओळखला जाऊ लागला. मागे जियानलुइगी बुफॉन, शेजारी फॅबिओ कॅनाव्हारो आणि नेस्तोर सेन्सिनी, अशी ती फळी होती. पहिल्याच हंगामात, कार्लो अँचेलॉटीच्या मार्गदर्शनाखाली, पार्मा लीगमध्ये दुसरा आला आणि विजेत्या युव्हेंटसपेक्षा त्याचे गुण केवळ दोनने कमी होते.

म्हणजे क्लबसाठी तो मधल्या जागेवर खेळत होता. फ्रान्ससाठी मात्र त्याला उजव्या बगलेवर उभे राहावे लागत होते. कारण उघड होते. फ्रान्सकडे मधल्या जागेसाठी लॉराँ ब्लाँ आणि मार्सेल देसाई हे दोघे होते, डावीकडे बिझेंते लिझाराझू होता, आणि उरलेली उजवी बाजू थुरामकडे आली. हे चौघे मिळून खेळलेला एकही सामना फ्रान्स हरला नाही. पण माझे म्हणणे असे की, त्या फळीतील सर्वांत चांगला मधला बचावपटू उजवीकडे उभा होता, आणि फ्रान्सच्या जर्सीत त्याच्या जागेवर तो किती मोठा आहे हे जगाला खऱ्या अर्थाने दिसायला २००६ उजाडावे लागले. त्या वर्षीच्या जर्मनीतील विश्वचषकात, वयाच्या ३४ व्या वर्षी, विल्यम गॅलासच्या साथीने त्याने जे केले ते १९९८ च्या विश्वचषकापेक्षा मोठे होते असे मला वाटते. सात सामन्यांत फ्रान्सवर तीनच गोल झाले. त्यांतला एक स्पेनचा पेनल्टीवरचा आणि एक अंतिम सामन्यात कॉर्नरवरचा, त्यामुळे खेळ चालू असताना या फळीला फोडून गोल करणे प्रतिस्पर्ध्यांना जवळजवळ जमलेच नाही.

आपले काय मत?

रात्रपाळी

धागा उत्तम आहे, पण निष्कर्ष मला मुळीच पटलेला नाही. उजव्या बगलेवर 'उभे राहावे लागले' असे आपण लिहिले आहे. मी म्हणेन की ती जागा थुरामने नव्याने घडवली.

८ जुलै १९९८ चा क्रोएशियाविरुद्धचा उपांत्य सामना घ्या. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते, आणि ज्यांनी तो जागून पाहिला त्यांना मध्यंतरानंतरची ती दोन मिनिटे अजून आठवत असतील. आसानोविचने पास दिला, डेव्होर सुकेर मोकळा धावला आणि त्याने गोल केला. फ्रान्सच्या इतर बचावपटूंची रेषा पुढे सरकली होती. एकटा थुराम मागे राहिला होता आणि त्याच्यामुळे सुकेर ऑफसाइड ठरला नाही. आपल्या देशातील विश्वचषक, उपांत्य फेरी, आणि चूक सर्वस्वी आपली. पुढच्याच मिनिटाला याच माणसाने क्रोएशियाच्या पेनल्टी क्षेत्राजवळ त्यांचा कर्णधार बोबानकडून चेंडू हिसकावला, जोरकाएफकडे दिला, त्याने तो परत सरकवला आणि थुरामने उजव्या पायाने बरोबरी साधली. मोनाकोतल्या दोन जुन्या सहकाऱ्यांची ती देवाणघेवाण होती. सत्तराव्या मिनिटाच्या सुमारास क्षेत्राच्या कडेवरून, या वेळी डाव्या पायाने, जमिनीलगतचा फटका दूरच्या कोपऱ्यात गेला आणि फ्रान्स २-१ असा जिंकला. गोल झाल्यावर तो गुडघ्यांवर बसला आणि बोट ओठांवर ठेवून विचारात पडल्यासारखा स्तब्ध राहिला. १४२ सामन्यांतले त्याचे एकूण गोल हे दोनच.

आता प्रश्न असा, की फ्रान्सचा उजवा बचावपटू बरोबरीसाठी बोबानच्या अंगावर धावून जाण्याइतका पुढे काय करत होता? फ्रान्सचे प्रशिक्षक एमे जाके यांनी मध्यफळीत देशां, एमानुएल पती आणि कारांबू असे तीन कष्टाळू खेळाडू ठेवले होते आणि बगलेवरून आक्रमण करणारा स्वतंत्र खेळाडू मुळात ठेवलाच नव्हता. त्या सामन्यात कारांबू पहिल्या अर्ध्या तासात जायबंदी झाला आणि हेन्री आला, हा भाग वेगळा. मूळ योजनेत मैदानाची सगळी रुंदी वापरायची जबाबदारी थुराम आणि लिझाराझू यांच्यावर होती. बगलेवरच्या बचावपटूने आक्रमण आणि बचाव दोन्ही पेलायचे, आणि तेही इतक्या वरच्या पातळीवर, हे जगभरातील प्रेक्षकांना ज्यांनी दाखवले त्यांत तो अग्रणी आहे. विश्वचषकातील सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत रोनाल्डो आणि सुकेर यांच्यामागोमाग तिसरा क्रमांक त्याला मिळाला. एखाद्या बचावपटूला असा मान क्वचितच मिळतो.

आणखी एक गोष्ट. त्याच सामन्यात क्रोएशियाच्या बिलिचशी झालेल्या झटापटीत ब्लाँला लाल कार्ड मिळाले आणि तो अंतिम सामन्याला मुकला. मधली जागा रिकामी झाली होती आणि पार्माचा मधला बचावपटू संघातच होता. तरीही जाके यांनी राखीव बचावपटू लेबफला आणले आणि थुरामला उजवीकडून हलवले नाही. ब्राझीलला ३-० ने हरवणाऱ्या प्रशिक्षकाने घेतलेला हा निर्णय मला आपल्या प्रश्नाचे उत्तर वाटतो.

पार्माप्रेमी

रात्रपाळी यांचा शेवटचा मुद्दा बिनतोड आहे, पण त्याचा अर्थ मी वेगळा लावतो. अंतिम सामन्याच्या चार दिवस आधी फळीतील दोन जागा बदलण्यापेक्षा एकच बदलणे कोणताही शहाणा प्रशिक्षक पसंत करील. त्यावरून थुराम मधल्या जागेवर कमी होता असे ठरत नाही.

तो तिथे किती मोठा होता हे पाहायचे असेल तर १२ मे १९९९ चा मॉस्कोतील युएफा चषकाचा अंतिम सामना पाहावा. पार्माची गाठ मार्से या फ्रेंच क्लबशी होती आणि मार्सेच्या बचावाची सूत्रे ब्लाँकडे होती. म्हणजे विश्वचषकानंतर दहाच महिन्यांत फ्रान्सच्या त्या प्रसिद्ध फळीतील दोघे समोरासमोर आले. ब्लाँने डोक्याने गोलरक्षकाकडे मागे टाकलेला चेंडू अपुरा पडला, क्रेस्पोने तो हेरला आणि पहिला गोल केला. मग व्हानोली आणि किएसा यांनी आणखी दोन केले. पार्मा ३-० ने जिंकला. दुसऱ्या टोकाला तीन जणांच्या बचावफळीत थुरामने मार्सेला श्वास घेऊ दिला नाही. आल्बेर्तो मालेसानी यांच्या त्या संघाने त्याच हंगामात इटालियन चषकही जिंकला.

त्या फळीची खुबी कामाच्या वाटपात होती. कॅनाव्हारो चेंडूवर तुटून पडायचा, सेन्सिनी मागून डोळस देखरेख करायचा, आणि थुराम प्रतिस्पर्ध्याला आधी एका बाजूला वळायला भाग पाडून मग पाय घालायचा. त्याचा टॅकल शेवटचा उपाय असे. समोरचा आघाडीपटू किती वेगाने येतो यापेक्षा त्याला पुढचे पाऊल कुठे टाकावे लागेल याचा अंदाज थुरामला आधी असायचा, आणि अंगात वेग व ताकद दोन्ही असल्यामुळे अंदाज थोडा चुकला तरी तो सावरून घ्यायचा. बगलेवर रेषा सोबतीला असते, म्हणून अर्धी दिशा आपोआप बंद होते. मधल्या जागेवर दोन्ही बाजू उघड्या असतात. मला तो तिथे अधिक मोठा वाटतो तो यामुळे.

२००१ मध्ये युव्हेंटसने झिनेदिन झिदानला रेआल माद्रिदला विकले आणि त्या पैशांतून बुफॉन, थुराम आणि पावेल नेदवेद यांना घेतले. एका झिदानच्या बदल्यात तिघे, हा सौदा आजही इटलीतील सर्वांत शहाणा सौदा म्हणून सांगितला जातो. पुढच्या दोन्ही हंगामांत युव्हेंटस विजेता ठरला.

बचावफळी

दोन्ही प्रतिसाद विचार करायला लावणारे आहेत. पार्माप्रेमींनी रेषेचा जो मुद्दा मांडला आहे त्याला एक पुरवणी जोडतो. युव्हेंटसमध्येही मार्सेलो लिप्पी यांनी सुरुवातीला त्याला बराच काळ उजवीकडेच खेळवले. पुढे कॅनाव्हारो तिथे आल्यावर, फाबिओ कापेलो यांच्या काळात, पार्माची जुनी जोडी पुन्हा मध्यभागी जमली. म्हणजे दोन क्लब आणि एक देश यांत तो सतत ये-जा करत राहिला आणि कुठेही त्याच्या खेळाची पातळी घसरली नाही. एका जागेवर दशकभर खेळून नाव कमावणे सोपे नसते. पण दर चार दिवसांनी जागा बदलून जगातील सर्वोत्तम दोघातिघांत गणले जाणे, ही गोष्ट मला अधिक दुर्मीळ वाटते.

मडगावकर

मी या वादात मध्यम मार्गाचा आहे, पण युरो २००० चा उल्लेख कोणीच केला नाही म्हणून लिहितो. २ जुलै २००० रोजी रॉटरडॅमला अंतिम सामना झाला तेव्हा प्रतिस्पर्धी इटलीच्या फळीत कॅनाव्हारो होता, म्हणजे थुरामचा क्लबमधला रोजचा जोडीदार. डेल्व्हेकिओच्या गोलाने इटली जिंकत आली होती. नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत अगदी शेवटच्या क्षणी विल्टोरने बरोबरी केली आणि १०३ व्या मिनिटाला रॉबेर पिरेसने डावीकडून मुसंडी मारत कॅनाव्हारोला चुकवून दिलेल्या पासवर दाविद त्रेझेगेने गोल्डन गोल, म्हणजे जादा वेळेत सामना तिथेच संपवणारा गोल, केला.

आम्हा गोवेकरांना आणि पुणेकरांना या गोलाची एक वेगळी आठवण आहे. इंडियन सुपर लीगच्या पहिल्या हंगामात, २०१४ मध्ये, तो पास देणारा पिरेस एफसी गोवाकडून आणि तो गोल करणारा त्रेझेगे पुणे सिटीकडून खेळला. युरो जिंकणाऱ्या त्याच फ्रेंच संघातला निकोला आनेल्का मुंबईकडे होता. फातोर्ड्याच्या मैदानावर पिरेसला पाहताना वय जाणवत होते, हे मान्य. तरी चेंडू पायाशी आल्यावर तो क्षणभर थांबून मान वर करून बघायचा तेव्हा रॉटरडॅम डोळ्यांपुढे यायचे. त्याच वर्षी गोव्याच्या बचावात मार्तिनिकशी नाते असलेला ग्रेगरी आर्नोलँ हा फ्रेंच बचावपटूही होता आणि इथल्या प्रेक्षकांनी त्याच्यावर मनापासून प्रेम केले. मार्तिनिक आणि ग्वादलूप ही फ्रान्सच्या ताब्यातील दोन छोटी बेटे, आणि तिथून फ्रेंच फुटबॉलला केवढे खेळाडू मिळाले हा खरोखर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. थुरामसोबत खेळलेल्या हेन्रीचे घराणेही त्याच बेटांकडचे.

शंकानिरसन हवे

२००६ मधील इटलीच्या घोटाळ्याबद्दल कोणीतरी स्पष्ट लिहावे. थुरामच्या नावावर लीगची विजेतेपदे दोन धरायची की चार?

पार्माप्रेमी

अधिकृतपणे दोनच धरायची, २००१-०२ आणि २००२-०३. पंचांच्या नेमणुकांवर प्रभाव टाकल्याचे प्रकरण युव्हेंटसच्या व्यवस्थापनावर शेकले. २००४-०५ चे विजेतेपद काढून घेण्यात आले आणि ते कोणालाही दिले गेले नाही; २००५-०६ चे इंटर मिलानला देण्यात आले आणि युव्हेंटसची रवानगी दुसऱ्या श्रेणीत झाली. ठपका पदाधिकाऱ्यांवर होता, मैदानावर घाम गाळणाऱ्यांवर नव्हता. त्या दोन हंगामांत थुराम आणि कॅनाव्हारो यांनी जो बचाव केला तो खराच होता, आणि कागदावरून खोडला गेला तरी पाहणाऱ्यांच्या लेखी तो तसाच राहील. त्या उन्हाळ्यात संघ विखुरला. कॅनाव्हारो माद्रिदला गेला, थुराम आणि झाम्ब्रोत्ता बार्सिलोनाला. बार्सिलोनातील दोन वर्षांत एक स्पॅनिश सुपर चषक वगळता त्याच्या हाती फारसे लागले नाही आणि पुयोल, मार्केझ यांच्यापुढे त्याला पूर्वीइतकी संधीही मिळाली नाही.

जुना वाचक

२००६ बद्दल धागाकर्त्यांशी मी पूर्ण सहमत आहे, आणि त्यामागची पार्श्वभूमी सांगणे आवश्यक वाटते. २००२ च्या विश्वचषकात गतविजेता फ्रान्स एकही गोल न करता पहिल्याच फेरीत बाहेर पडला. युरो २००४ मध्ये ग्रीसकडून उपांत्यपूर्व फेरीत हरल्यावर थुरामने राष्ट्रीय संघातून निवृत्ती घेतली. त्यानंतर नवे प्रशिक्षक रेमाँ दोमेनेक यांचा नवखा संघ आयर्लंड, स्वित्झर्लंड आणि इस्राएल यांच्या गटात बरोबऱ्या करत अडकून पडला आणि विश्वचषकाला मुकण्याची वेळ आली. ऑगस्ट २००५ मध्ये झिदान, माकेलेले आणि थुराम हे तिघे परतले. वर्तमानपत्रांचे मथळे अर्थातच झिदानने खाल्ले.

जर्मनीत काय झाले ते पाहा. ब्राझीलविरुद्ध १-०, पोर्तुगालविरुद्ध १-०. दोन्ही वेळा फ्रान्सने एक गोल करून उरलेला वेळ तो राखला. एका गोलाची आघाडी तासभर टिकवायची तर मागच्या माणसांवर किती विश्वास लागतो! म्युनिकमधील पोर्तुगालविरुद्धच्या उपांत्य सामन्यात झिदानने ३३ व्या मिनिटाला पेनल्टीवर गोल केला, पण सामनावीर थुराम ठरला. फिगो आणि तरुण रोनाल्डो एकामागून एक चेंडू आत टाकत होते आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्याचे डोके किंवा पाय आधी पोहोचत होता. याच स्पर्धेत त्याने देसाईचा ११६ सामन्यांचा फ्रेंच विक्रम मागे टाकला. बर्लिनचा अंतिम सामना झिदानच्या लाल कार्डामुळे लक्षात राहिला. तो गेल्यावर दहा जणांनिशी सामना शूटआऊटपर्यंत कोणी नेला हे कोणी विचारत नाही.

वाचनमात्र

मैदानाबाहेरच्या थुरामबद्दल लिहू का, की ते विषयांतर होईल?

बचावफळी

अवश्य लिहावे. त्याने ते सगळे खेळत असतानाच सुरू केले होते, त्यामुळे ते त्याच्या कारकिर्दीचाच भाग आहे.

वाचनमात्र

आभार. ग्वादलूपहून आलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला शाळेत एका दूरदर्शन मालिकेतील काळ्या गायीच्या नावाने चिडवत, हे त्याने स्वतः अनेकदा सांगितले आहे. आपण काळे आहोत ही गोष्ट हिणवण्याची का असावी, हा प्रश्न त्याने त्या वयापासून सोडला नाही. १९९६ मध्ये अतिउजवे फ्रेंच नेते ज्याँ-मारी ल पेन यांनी राष्ट्रीय संघाच्या फ्रेंचपणावर शंका घेतली आणि २००६ मध्ये संघातील कृष्णवर्णीय खेळाडूंच्या संख्येवर पुन्हा टिप्पणी केली, तेव्हा थुरामने ऐन विश्वचषकात त्यांना उत्तर दिले आणि आपण खऱ्या फ्रान्सचा जयजयकार करतो, ल पेन यांना हव्या असलेल्या फ्रान्सचा नव्हे, असे ठणकावले. २००५ मध्ये फ्रान्सच्या उपनगरांत दंगली पेटल्या तेव्हा गृहमंत्री निकोला सार्कोझी यांनी तिथल्या तरुणांबद्दल वापरलेल्या भाषेवर त्याने जाहीर आक्षेप घेतला, कारण तोही अशाच वस्तीतून आला होता.

मला सर्वांत भावते ती ६ सप्टेंबर २००६ ची घटना. पॅरिसजवळच्या काशाँ येथील इमारतीतून काही आठवड्यांपूर्वी पोलिसांनी अनेक स्थलांतरित कुटुंबांना बाहेर काढले होते. थुराम आणि पॅट्रिक व्हिएरा यांनी त्या बेघर झालेल्यांपैकी सुमारे ८० जणांना इटलीविरुद्धच्या सामन्याला बोलावले. राजकारण्यांनी टीका केली; दोघांनी ती ऐकून घेतली आणि मैदानात उतरून संघासोबत इटलीला ३-१ ने हरवले.

निवृत्तीच्या वर्षी, २००८ मध्ये, त्याने वर्णद्वेषाविरुद्ध शिक्षण देणारी संस्था काढली. २०११ च्या अखेरीस पॅरिसच्या के ब्रान्ली संग्रहालयात वसाहतींतील माणसांना प्राण्यांसारखे मांडून दाखवण्याच्या युरोपीय इतिहासावर जे प्रदर्शन भरले, त्याचे प्रमुख संयोजन त्याच्याकडे होते. खेळाडूने एखाद्या कार्याला नाव देणे वेगळे आणि वर्षानुवर्षे वाचून, शाळाशाळांत जाऊन ते काम करणे वेगळे.

नाडीपरीक्षा

निवृत्तीचा विषय निघाला म्हणून थोडे वैद्यकीय अंगाने लिहितो. २००८ च्या उन्हाळ्यात बार्सिलोना सोडून तो पॅरिस सेंट-जर्मेनशी करार करणार होता. कराराआधीच्या तपासणीत हृदयात दोष आढळला. अशाच आजाराने त्याच्या भावाचा मृत्यू झालेला होता. त्याने खेळ थांबवला. वर्षानुवर्षे कठोर व्यायाम करणाऱ्यांचे हृदय तसेही सामान्य माणसापेक्षा थोडे मोठे आणि त्याच्या भिंती जाड असू शकतात, म्हणून निरोगी बदल कोणता आणि आजार कोणता हे ओळखणे डॉक्टरांना अवघड जाते. मात्र घराण्यात अकाली मृत्यूचा इतिहास असेल तर धोका पत्करू नये, असाच सल्ला दिला जातो. सतरा वर्षे अव्वल फुटबॉल खेळलेल्या माणसाचा दोष अखेरच्या तपासणीत सापडावा, यावरून अशा तपासण्या नियमित होणे किती गरजेचे आहे ते दिसते. आपल्याकडील जिल्हा पातळीवरच्या मुलांची अशी तपासणी अभावानेच होते आणि ती व्हावी असे मला कळकळीने वाटते.

रात्रपाळी

म्हणजे १३ जून २००८ रोजी बर्नमध्ये नेदरलँड्सने ४-१ ने हरवलेला युरोचा सामना त्याचा फ्रान्ससाठीचा शेवटचा ठरला. १४२ सामन्यांचा विक्रम मात्र २०२२ च्या कतार विश्वचषकापर्यंत टिकला. गोलरक्षक ह्यूगो लोरिसने इंग्लंडविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात तो मोडला. गोलरक्षकाच्या पायांची झीज बगलेवरून धावणाऱ्याइतकी होत नाही, हे लक्षात घेतले तर थुरामचा आकडा मला अजूनही अधिक मोठा वाटतो. लोरिसच्या त्या संघात थुरामचा थोरला मुलगा मार्कस राखीव आघाडीपटू होता आणि अर्जेंटिनाविरुद्धचा अंतिम सामनाही तो खेळला.

२००६ बद्दलचे जुना वाचक यांचे विवेचन वाचून माझे मत थोडे सैल झाले आहे, हे मान्य करतो. तरी उपांत्य फेरीत स्वतःची चूक दोन गोलांनी भरून काढणारा उजवा बचावपटू मी दुसरा पाहिलेला नाही.

पार्माप्रेमी

मार्कसचा जन्म १९९७ मध्ये पार्मातच झाला आणि त्याचे नाव कृष्णवर्णीयांचे जमैकन नेते मार्कस गार्वी यांच्यावरून ठेवलेले आहे. तो २०२३ मध्ये इंटर मिलानला गेला आणि पहिल्याच हंगामात त्याने लीग जिंकली. धाकटा खेफ्रेन २०२४ पासून युव्हेंटसकडे, म्हणजे वडिलांच्या क्लबकडे आहे. एक आघाडीला, दुसरा मध्यफळीत. बचावात कोणीच नाही. खेफ्रेनची लांब ढांग आणि चेंडू काढून घेतल्यावर लगेच पुढे निघण्याची सवय पाहिली की बोबानच्या पायातून काढलेला तो चेंडू मला आठवतो. पण त्याच्याबद्दल वेगळा धागा निघावा. धागाकर्त्यांनी मनावर घेतल्यास युव्हेंटसचे त्याचे सामने नियमित पाहणारे आम्ही दोघेतिघे तिथे नक्की लिहू.